उसाच्या मुलखात रमची पारख

पुण्याहून बारामतीला जायला दोन वाटा आहेत. सोलापूर रस्त्याने पाटसपर्यंत जाऊन उजवीकडे वळायचे, ही मोटारवाल्यांची वाट. आणि सासवड, जेजुरी, मोरगाव करीत सावकाश जायचे, ही देवाधर्माची वाट. घाई नसेल त्याने दुसरी धरावी. पुण्य तर पदरात पडतेच, शिवाय भूगोलाचा एक धडा फुकट मिळतो. मोरगावच्या मयूरेश्वराला हात जोडून पुढे निघाले की दोन्ही अंगांना माळ लागतो. बाजरीची शेते, बाभळी, मेंढरांचे कळप आणि पावसाची वाट पाहणारे कोरडे ओढे. हा जिरायत मुलूख थेट बारामतीपर्यंत सोबत करतो. गावातून नीरेचा डावा कालवा वाहतो. तो ओलांडून दक्षिणेला निघालात की नाटकातला पडदा बदलावा तसे चित्र पालटते. नजर पोचेल तिथवर ऊस!

१८७६–७७ च्या भीषण दुष्काळानंतर या भागाला कालव्याचे पाणी देण्याच्या कामाने जोर धरला आणि १८८५ च्या सुमारास नीरेचे पाणी इकडे खेळू लागले. पुढे भाटघरच्या धरणाने त्या पाण्याला बारमाही आधार दिला. कालव्याच्या वर बाजरीची भाकरी आणि कालव्याच्या खाली साखर, असा तेव्हापासूनचा या तालुक्याचा हिशेब आहे.

वाचकहो, आता मुद्द्यावर येतो. मात्र दचकू नका. या उसाच्या मुलखात आम्ही गेलो होतो ते रमची पारख करायला. दिवाळी अंकात चिरोट्या-करंज्यांच्या शेजारी रमचा पेला ठेवणे काहींना रुचणार नाही, याची जाणीव आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात ब्रँडीची बाटली औषधांच्या कपाटात राहू शकते, कारण ती ‘सर्दीसाठी’ असते. रमशी मात्र आपली ओळख ‘रमणे’ या क्रियापदापुरतीच! पण उसाला दोन अपत्ये आहेत. थोरली साखर. ती प्रसादात गेली, लग्नात गेली, तान्ह्या बाळाच्या बारशाला गेली. धाकटीचे नाव मात्र घरात कुणी काढायचे नाही, असे ठरून गेले. ही धाकटी जन्मते कुठे, वाढते कशी आणि तिची खरी किंमत काय, एवढे पाहायला काय हरकत आहे?

मळीची गोष्ट

बारामती म्हणजे मोरोपंतांचे गाव. आर्यांचा तो राजा बाबूजी नाइकांच्या आश्रयाने याच कऱ्हाकाठी राहिला आणि १७९४ साली इथेच निवर्तला. श्रीधर स्वामींनी ‘शिवलीलामृत’ हाती घेतले तेही बारामतीच्या काशीविश्वेश्वराच्या देवळात, १७१८ साली. अशा पुण्यवान गावी एके काळी गुळाचा बाजार जोरात भरे. ढेपांच्या थप्पीवरून नुसता हात फिरवून भाव सांगणारे व्यापारी इथे होते. पुढे कारखाने आले. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंदांनी ऊस लावला, साखर कारखाना काढला आणि त्या माळाचे वालचंदनगर झाले. स्वातंत्र्यानंतर सहकाराचे वारे सुटले. माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, सोमेश्वरनगर असे एकामागून एक कारखाने शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभे राहिले.

गळीत हंगामात माळेगावच्या बाजूला फिरकलात तर कारखाना डोळ्यांआधी नाकाला दिसतो. उसाच्या गाड्या रात्रभर रांगेत उभ्या असतात. बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोपींपुढे चुली पेटलेल्या असतात. आणि हवेत एक जड, गोडसर, किंचित आंबूस वास तरंगत असतो. तो वास मळीचा. रस आटवून त्यातली साखर एकदा, दोनदा, तीनदा काढून घेतली, की शेवटी जे काळे, चिकट, डांबरासारखे उरते ती मळी. एक टन उसामागे ती सुमारे चाळीस किलो निघते. तीत साखर असते, पण ती आता दाण्यात यायला तयार नसते. यंत्राला जी साखर काढता येत नाही ती यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव खातो आणि बदल्यात अल्कोहोल देतो. चाळीस किलो मळीतून साधारण दहा लिटर अल्कोहोल मिळते, असा ढोबळ हिशेब धरावा.

म्हणून बहुतेक मोठ्या कारखान्यांच्या शेजारी डिस्टिलरीचे उंच मनोरे दिसतात. आता कुणाला वाटेल, एवढी मळी, एवढे मनोरे, म्हणजे इथे रमचे पाटच वाहत असतील. तसे नाही. मनोऱ्यातून जे निघते ते ९५–९६ टक्क्यांचे, वासाला जवळजवळ निर्गुण असे स्पिरिट. त्याला उसाची आठवण उरू नये, हीच कारागिरी! ते औषधांत जाते, रसायनांत जाते, आणि हल्ली इथेनॉल होऊन मोटारींच्या टाकीत जाते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ साली गाठला. बारामतीहून पुण्याला येणारी मोटार आपण ज्या शेतांच्या कडेने जातो त्यांचाच थोडा रस पिऊन धावते, ही काही लहान गंमत नाही. त्याच निर्गुण स्पिरिटात रंग आणि स्वाद घालून आपल्याकडे रमही होते आणि व्हिस्कीही होते. मळीपासून केलेल्या अशा व्हिस्कीला युरोपातले कायदे व्हिस्की म्हणू देत नाहीत, ते त्यामुळेच.

खरी रम वेगळी. ती स्वच्छ करायची नसते, तिला आठवण ठेवू द्यायची असते. मळी किंवा रस सावकाश आंबवायचा, उसाचा वास मागे राहील अशा बेताने ऊर्ध्वपातन करायचे, आणि मग ओक लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षे झोपवून ठेवायचे. कॅरिबियन बेटांवर हे सतराव्या शतकापासून चालले आहे. १८३८ साली डेमरारात, म्हणजे आजच्या गयानात, गिरमिटिया मजुरांची पहिली जहाजे गेली, तेव्हापासून त्या रमच्या उसाला भारतीय घामही लागला. म्हणजे ही धाकटी परक्याची पोर नव्हे!

मग आपल्याकडे ती का मुरली नाही? एक योगायोग पाहा. माळेगावचा कारखाना उभा राहत होता तो १९५५ च्या सुमाराचा काळ; आणि जुन्या मुंबई राज्यात १९५० सालापासून संपूर्ण दारूबंदी होती. ज्या वर्षांत कारखान्यांच्या अंगणात पिंपे रचायला हवी होती, त्या वर्षांत थेंबही गुन्हा होता. पुढे कायदा सैलावला. पण पिण्यासाठी परवाना काढावा लागतो, ही तरतूद महाराष्ट्रात आजही आहे. (आमचा खिशात होता, हे सांगून ठेवतो.)

बेचाळीस पूर्णांक आठचे कोडे

रमच्या बाटलीवर ४२.८ हा आकडा पुष्कळांनी वाचला असेल. चाळीस नाही, पंचेचाळीस नाही. हे बेचाळीस पूर्णांक आठ कुठून आले? याची गोष्ट मोठी मजेदार आहे. जुन्या काळी विलायतेत मद्य अस्सल की पाणी घातलेले हे ओळखायला ते बंदुकीच्या दारूवर ओतून काडी लावीत, असे सांगतात. दारू पेटली तर मद्य ‘सिद्ध’. याच सिद्धतेला इंग्रजीत प्रूफ म्हणतात. पुढे मोजमाप आले तेव्हा ब्रिटिश शंभर प्रूफ म्हणजे ५७.१५ टक्के अल्कोहोल असे ठरले. त्याच्या तीन चतुर्थांश काढा, उत्तर येते ४२.८! इंग्रज गेला, त्याचे आरमारही १९७० साली खलाशांना रोजची रम द्यायचे थांबले, पण त्याचा पाऊण हिस्सा आपल्या बाटलीवर अजून छापला जातो.

आमच्या पिशवीत होती ती बाटली या आकड्याच्या वरची, पन्नास टक्क्यांची. नाव ‘चामीकर’, म्हणजे संस्कृतात सोने. मळीपासून नव्हे तर थेट उसाच्या रसापासून केलेली आणि बारा वर्षे ओकच्या पिंपात मुरलेली. आणि ती आली कुठून? हरियाणात कर्नालजवळच्या इंद्रीहून! उसाच्या माहेरी रमची पारख करायला बाटली सातासमुद्रापलीकडून नसली तरी यमुनाकाठाहून आणावी लागली.

आबांचे नाक

बारामतीहून इंदापूरचा रस्ता धरला की काटेवाडी, सणसर, लासुर्णे अशी गावे लागतात. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते आणि काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्या रिंगण धरतात. या मुलखाचा स्वभाव त्यावरून ओळखावा. ज्याच्या शेतातली मळी डिस्टिलरीत जाते त्याच्याच गळ्यात तुळशीची माळ असते.

आमच्या मेव्हण्यांचे घर याच वाटेवर, उसात बुडालेले. त्यांचे चुलते, ज्यांना सारे घर आबा म्हणते, पंचाऐंशीच्या घरातले, पक्के माळकरी. उमेदीची वर्षे त्यांनी गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काढली. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा न्यायाधीश. काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलवाणात चिपाड जळत असते, भेंडीच्या पाण्याने वर आलेली मळी काढून टाकायची असते. आणि नेमक्या कुठल्या क्षणी काहील उतरवायची, हे एकटा गुळव्या सांगतो. काकवी साधारण १०५ अंशांवर होते, गूळ ११८ च्या आसपास. आबांनी थर्मामीटर हातात धरला नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून त्याची गोळी वळते का पाहायचे, आणि बाकी सारे नाकावर.

बाटली पाहून मेव्हणे संकोचले. आबाच म्हणाले, “काढा, जावईबापू. मी घेत न्हाई, पण वासाला काय माळ आडवी येत न्हाई.”

तेव्हा पारख सुरू झाली. पोट फुगीर आणि तोंड निमुळते असा पेला लागतो. आमच्यापाशी होता तो वहिनींचा सरबताचा. आम्ही शहाण्यासारखे पेला उजेडात धरून तांबूस सोनेरी रंगाचे कौतुक करू लागलो. आबा म्हणाले, “रंगावर जाऊ नका. पिवळाधमक गूळ बघून शहरातली माणसं फसत्यात. त्यात पावडर असती.” अगदी खरे. रमला काळा रंग चढवायला जळक्या साखरेचा पाक सर्रास घालतात. काळी म्हणजे जुनी, हा निव्वळ समज आहे.

पेला नाकाशी नेताच आम्हाला ठसका लागला. पन्नास टक्क्यांची वाफ नाकाला क्षणभर बधिर करते. आबांनी तो हातभर लांब धरला, जरा थांबले, मग हळूहळू जवळ आणला, ओठ किंचित उघडे ठेवून. “काहिलीवर कधी वाकायचं न्हाई. पैली वाफ चटका देती. ती जाऊ द्यायची.” जाणकारांची पुस्तके हीच युक्ती पानभर समजावतात!

मग डोळे मिटून ते एकेक वास मोजू लागले. “काकवी हाय, पण गुळापाशी पोचलेली न्हाई. करपलेलं न्हाई, चांगलंय. सुकं खोबरं. खारीक, भिजवलेली. मागनं जायफळ येतंय. आन् लाकूड हाय. नवं न्हाई, तेल प्यालेलं जुनं लाकूड.”

आम्ही थक्क झालो. ओकच्या लाकडातून व्हॅनिला आणि खोबऱ्यासारखे वास मद्यात उतरतात, हे शास्त्र आम्ही पुस्तकात वाचले होते. आबांनी ते फडताळातून काढून दाखवले. रमचे वर्णन आपण करायला बसतो तेव्हा टॉफी, मोलॅसिस, ड्राय फ्रूट असे उसने शब्द शोधतो. काकवी, खारीक, सुंठ, जेष्ठमध, चिक्कीचा पाक, काताची तुरटी, एवढी मोठी शब्दसंपत्ती घरात पडून आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता चवीचे. पहिला घोट म्हणजे घोट नव्हेच, जिभेला ओल लागेल एवढाच. आग होते; ती चव नव्हे, तो फक्त दरवाजा. दुसऱ्यांदा जिभेवर थोडे धरले तेव्हा आत शिरता आले. गोड असेल अशी अपेक्षा होती, पण गोडी नव्हती. ऊर्ध्वपातनात साखर भांड्यातच राहते, वर चढत नाही. गोडीचा भास तेवढा वासाने होतो. जी रम जिभेला सरबतासारखी गोड लागते तिच्यात ती मागाहून घातलेली असते. मग चमच्याने सहा-सात थेंब पाणी सोडले. आग निवाली आणि काय काय वर आले! आधी ओल्या चिपाडाचा वास, मग सुंठ, शेवटी काताची तुरट चव, आणि गिळल्यावरही बराच वेळ घशात गुळाच्या खड्याची आठवण. जास्त पाणी घातले तेव्हा मात्र सारे विरले. उग्र रमला पाणी द्यावे लागते, पण ते उसाला द्यावे तसे बेताने. सपाटून दिले की पीक जाते.

उणे काय? लाकूड थोडे जास्त बोलते. बारा वर्षे उष्ण हवेत मुरल्याने तुरटी पुढे आली आहे आणि ऊस दोन पावले मागे सरला आहे. पण ठसका आहे तरी आततायीपणा नाही, आणि शेवट लांब आहे. दहापैकी आठ द्यावेत.

उष्ण हवेचा हिशेबही आबांना सांगितला. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातले मद्य वर्षाला सुमारे दोन टक्के उडून जाते. त्याला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या उन्हात तो वाटा दहा टक्क्यांवरही जातो. बंगळूरच्या एका डिस्टिलरीने आपल्या व्हिस्कीचे नाव ‘हावरट देवदूत’ अशा अर्थाचे ठेवले आहे ते उगीच नाही. शंभर लिटर भरले आणि दरसाल दहावा हिस्सा गेला, तर बारा वर्षांनी उरतात अठ्ठावीस.

आबा हसले. “म्हंजे बारा वर्षं राखण करायची आन् पाऊणवाटा वाऱ्याला द्यायचा! आमची आडसाली दीड वर्षं रानात ऱ्हाती तर सोसायटीवाला दारात येतो.”

या एका वाक्यात सगळे उत्तर आहे. या मुलखात ऊस आहे, पाणी कसेबसे आहे, पारख करणारे नाक तर आहेच आहे. नाही ती सवड. शेतकऱ्याला उसाचे बिल यंदा हवे, कारखान्याला कर्जाचा हप्ता यंदा भरायचा. जुनी रम महाग असते ती उसामुळे नव्हे. कुणीतरी बारा वर्षे पैसे न मागता वाट पाहिलेली असते, तिचे ते मोल.

दुसरी वही

पण पारखेची एवढीच वही नाही. पेला खाली ठेवून आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझा धाकटा भाऊ ह्याच्यापायी गेला. त्याची बाटली अशी भारी नव्हती. पण वाट हीच.” वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मेव्हण्यांनी बाटलीला बूच लावले. कुणी कुणाला उपदेश केला नाही.

आपल्या राज्यात गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर दारूचे दुकान बंद करता येते. ज्यांनी पेला कधी हातात धरला नाही त्या बायका ही पारख करतात, आणि त्यांचे गुण देण्याचे कोष्टक आपल्यापेक्षा जुने आणि कडक आहे. शिवाय पाण्याची बाब आहेच. डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागे कित्येक लिटर काळे, उग्र सांडपाणी निघते. ते नीट मुरवले नाही तर ज्या नीरेने ऊस दिला तीच नदी नासते. आणि कालव्याच्या वरच्या अंगाला, मोरगावकडच्या माळावर, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी वस्ती आहे. बाटलीतल्या सोन्याची किंमत करताना हे खाते उघडावेच लागते. आबा म्हणाले तेच शेवटी खरे: “वास चांगलाय. वासावर थांबता आलं तर माणसाचं बरं.”

रात्री पेला तसाच राहिला. सकाळी वहिनींनी तो घासायला घेतला आणि सहज नाकाशी धरला. रातोरात अल्कोहोल उडून गेले होते. तळाशी उरला होता नुसता ऊस. “अगंबाई, ह्याला तर आपल्या जुन्या गुऱ्हाळाचा वास येतोय!” म्हणाल्या. रमची सर्वांत प्रामाणिक परीक्षा रिकाम्या पेल्यातच होते, असे जाणकार सांगतात. ती वहिनींनी दिली.

तेव्हा वाचकहो, दिवाळी आटोपली, गळीत हंगाम सुरू झाला, की बारामती-इंदापूरकडे एक फेरी काढा. पोराबाळांना घेऊन जा. मोरोपंतांचा वाडा पाहा, वालचंदनगर पाहा, वेळ असेल तर नीरा-नरसिंहपूरला जाऊन नीरा आणि भीमेचा संगम पाहा. पण वाटेत कुठे गुऱ्हाळाचा धूर दिसला तर मोटार थांबवायला विसरू नका. काहिलीपासून हातभर लांब उभे राहा, पहिली वाफ जाऊ द्या, आणि मग सावकाश श्वास घ्या. बारा वर्षांच्या रममध्ये जे जे चांगले आहे त्यातले निम्मे तिथे सापडेल; त्याला परवाना लागत नाही, आणि वास फुकट आहे.